फ्रँक एडेलॉट

फ्रँक एडेलॉट (१६ ऑक्टोबर, १८८० – १७ डिसेंबर, १९५६) हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ, इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक आणि शैक्षणिक प्रशासक होते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्वॉर्थमोर कॉलेजचे ते १९२१ ते १९४० या काळात अध्यक्ष होते. अमेरिकेत या पदाचा अर्थ साधारणतः आपल्याकडील प्राचार्यासारखा, पण अधिकाराने त्याहून मोठा असतो. स्वॉर्थमोरमध्ये त्यांनी १९२२ साली सुरू केलेला ऑनर्स अभ्यासक्रम अमेरिकेतील अशा प्रकारच्या अभ्यासक्रमांचा मूळ नमुना मानला जातो. त्यापूर्वी बहुतेक अमेरिकन महाविद्यालयांत ऑनर्स म्हणजे चांगले गुण मिळवणाऱ्यांच्या पदवीपत्रावरील एक शेरा होता. एडेलॉट यांनी त्या शब्दाला शिकण्याची आणि त्याहूनही अधिक शिकवण्याची एक निराळी रीत असा अर्थ दिला. ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे अमेरिकेतील सचिव आणि प्रिन्स्टन येथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संस्थेचे दुसरे संचालक म्हणूनही ते ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन

एडेलॉट यांचा जन्म इंडियाना राज्यातील सलिव्हन या लहानशा गावी झाला. इंडियाना विद्यापीठातून त्यांनी १९०० साली बी.ए. पदवी घेतली. विद्यापीठात ते फुटबॉल (अमेरिकन प्रकारचा) खेळत असत. पदवीनंतर काही काळ त्यांनी अध्यापन केले आणि १९०३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून एम.ए. केले. पुढे केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे एका माध्यमिक शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि मुलांच्या फुटबॉल संघाला प्रशिक्षणही देत.

१९०५ साली त्यांची ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी निवड झाली व ते ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात दाखल झाले. ही शिष्यवृत्ती त्या वेळी अगदी नवी होती. अमेरिकन विद्यार्थ्यांची पहिली तुकडी त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. शिष्यवृत्तीधारक अविवाहित असला पाहिजे असा तेव्हा नियम होता. १९०७ मध्ये एडेलॉट यांनी मेरी ऑसगुड यांच्याशी विवाह केला आणि शिष्यवृत्तीचे तिसरे वर्ष सोडून दिले. पुढच्या वर्षी त्यांनी बी.लिट. पदवी पूर्ण केली. एलिझाबेथ राणीच्या काळातील भटके, भिकारी, जुगारी आणि भामटे यांच्याविषयीचे साहित्य व कायदे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. तो प्रबंध 'एलिझाबेदन रोग्ज अँड व्हॅगाबॉन्ड्स' या नावाने १९१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्या काळातील इंग्रज समाजाच्या तळाच्या थराचा अभ्यास करणाऱ्यांना तो नंतरही अनेक दशके उपयोगी पडला. शिक्षणविषयक कामाच्या प्रसिद्धीमुळे त्यांचे हे संशोधन काहीसे झाकले गेले आहे.

ऑक्सफर्डचा संस्कार

ऑक्सफर्डमध्ये पदवीचे दोन मार्ग होते. सामान्य विद्यार्थ्यांसाठी 'पास' पदवी आणि एकाच विषयाचा सखोल अभ्यास करणाऱ्यांसाठी 'ऑनर्स' पदवी. ऑनर्सच्या विद्यार्थ्याला वर्गातील हजेरीची सक्ती नसे, दर आठवड्याची चाचणी नसे. ट्यूटरसमोर निबंध वाचायचा, त्यावर उलटसुलट चर्चा करायची आणि अखेरीस काही दिवस सलग चालणारी विद्यापीठाची परीक्षा द्यायची, असा तो क्रम होता. परीक्षा विद्यापीठ घेत असे आणि शिकवणी कॉलेजचा ट्यूटर करत असे. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला गुण देण्याचे काम सामान्यतः ट्यूटरकडे नसे. एडेलॉट यांच्या पुढील सर्व विचारांचे मूळ या साध्या विभागणीत सापडते.

अमेरिकेतील व्यवस्था याच्या उलट होती. तेथे पदवी म्हणजे ठराविक तासांच्या ठराविक अभ्यासक्रमांची बेरीज. प्रत्येक अभ्यासक्रम शिकवणारा प्राध्यापक स्वतःच प्रश्न काढी, स्वतःच तपाशी आणि स्वतःच गुण देई. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो मार्गदर्शक कमी आणि पहारेकरी अधिक असे. हुशार, मध्यम व मंद विद्यार्थी एकाच वेगाने, एकाच पाठ्यपुस्तकावरून पुढे सरकत. एडेलॉट यांनी या स्थितीला 'लॉक स्टेप' असे नाव दिले. जुन्या अमेरिकन तुरुंगांत कैद्यांना एकमेकांना चिकटून, एकाच तालात पावले टाकत चालवले जाई. त्या चालीचे हे नाव आहे. रूपक कठोर आहे, पण त्यांना तेच अभिप्रेत होते.

इंडियाना आणि एमआयटी

१९०८ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक झाले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निबंधलेखन शिकवताना व्याकरणाचे नियम व शैलीचे अलंकार घोटून घेण्याची प्रथा त्यांनी मोडली. आधी चांगले वाचावे, त्यावर विचार व वाद करावा आणि सांगण्यासारखे काही सुचले की मग लिहावे, असा त्यांचा क्रम होता. त्यासाठी त्यांनी पाठ्यपुस्तकेही तयार केली. १९१४ साली त्यांनी 'द अमेरिकन ऑक्सोनियन' हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारकांचे नियतकालिक सुरू केले व पुढे अनेक वर्षे त्याचे संपादन केले.

१९१५ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साहित्य कशासाठी शिकवायचे, हा तेथील कायमचा प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून त्यांनी 'इंग्लिश अँड इंजिनिअरिंग' (१९१७) हा लेखसंग्रह संपादित केला. विज्ञान, व्यवसाय आणि साहित्य यांच्या परस्परसंबंधांवरील लेख वाचून विद्यार्थ्यांनी आपल्याच पेशाविषयी विचार करावा, अशी त्याची योजना होती. त्याच वर्षी त्यांचा 'द ऑक्सफर्ड स्टँप' हा निबंधसंग्रह निघाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'वॉर इश्यूज कोर्स' नावाचा देशव्यापी अभ्यासक्रम चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. शेकडो महाविद्यालयांतून इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व साहित्याचे अध्यापक तो एकत्र शिकवत. तो काही महिनेच टिकला. मात्र त्याच्याच धर्तीवर कोलंबिया विद्यापीठाने १९१९ साली समकालीन संस्कृतीचा आपला प्रसिद्ध अभ्यासक्रम उभा केला.

स्वॉर्थमोर कॉलेज

फिलाडेल्फिया शहराजवळचे स्वॉर्थमोर कॉलेज क्वेकर पंथीयांनी १८६४ साली स्थापन केले होते. मुले व मुली तेथे आरंभापासून एकत्र शिकत. १९२१ साली तेथील विद्यार्थिसंख्या पाचशेच्या आसपास होती. शांत, प्रतिष्ठित, खेळ आणि मेळाव्यांत रमलेले, पण विद्वत्तेसाठी विशेष नाव नसलेले असे ते कॉलेज होते. ऑक्टोबर १९२१ मध्ये अध्यक्षपदाची सूत्रे घेतानाच्या भाषणात एडेलॉट यांनी बुद्धिमान व मेहनती विद्यार्थ्यांसाठी वेगळी, अधिक कठीण वाट असावी, ही कल्पना मांडली. महायुद्धानंतर अमेरिकन महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची गर्दी वाढत होती आणि सर्वांना एकाच साच्यातून काढण्याचा मोहही वाढत होता.

१९२२ च्या शरद सत्रात इंग्रजी साहित्य आणि सामाजिक शास्त्रे या दोन शाखांत ऑनर्सचे काम सुरू झाले व त्यानंतर ते क्रमाने इतर विषयांत पसरले. चार वर्षांच्या शिक्षणातील पहिली दोन वर्षे सर्वांसाठी नेहमीसारखी असत. तिसऱ्या वर्षी निवडक विद्यार्थ्यांना ऑनर्समध्ये घेतले जाई. त्यांना नेहमीच्या चार-पाच अभ्यासक्रमांऐवजी एका सत्रात दोनच सेमिनार असत. एका सेमिनारमध्ये साधारणतः पाच ते सात विद्यार्थी असत. बैठक आठवड्यातून एकदा भरे आणि ती पूर्ण दुपार किंवा पूर्ण संध्याकाळ चाले. अनेक प्राध्यापक ती आपल्या घरच्या बैठकीच्या खोलीत घेत. मध्यंतरात चहा-फराळ होई. वाचनाची यादी आधीच दिलेली असे. प्रत्येक आठवड्याला काही विद्यार्थ्यांनी टिपणे लिहून आणायची व इतरांनी ती तपासून घ्यायची, असा रिवाज होता. या दोन वर्षांत हजेरी, सत्र परीक्षा आणि गुण यांपैकी काहीही नसे.

शेवटी मात्र सगळे एकदम अंगावर येई. दोन वर्षांच्या अभ्यासावर लेखी परीक्षा आणि त्यानंतर तोंडी परीक्षा होई, आणि ती घेणारे सर्व परीक्षक इतर विद्यापीठांतून बोलावलेले असत. आपल्या विद्यार्थ्याला ऑनर्स, हाय ऑनर्स की हायेस्ट ऑनर्स मिळणार, याचा निर्णय स्वॉर्थमोरच्या प्राध्यापकाच्या हातात नसे.

प्राध्यापकांवरील परिणाम

एडेलॉट यांच्या योजनेचे वर्णन सहसा विद्यार्थ्यांच्या स्वातंत्र्याच्या अंगाने केले जाते. परंतु तिच्यामुळे सर्वांत जास्त बदलली ती प्राध्यापकाची भूमिका. बाहेरचा परीक्षक आला की शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला येतात. शिक्षकाला खूश करण्यासाठी त्याचीच मते परत लिहून देण्यात अर्थ उरत नाही, कारण ती मते परीक्षकाला मान्य असतीलच असे नाही. शिक्षकालाही आपल्या आवडीचा एखादा कोपरा रंगवून सांगत बसता येत नाही. विषयाचा सगळा परिसर विद्यार्थ्याच्या पायाखालून गेला पाहिजे. शिवाय परीक्षक केवळ विद्यार्थ्यांचीच नव्हे, तर अप्रत्यक्षपणे शिकवणाऱ्याचीही परीक्षा घेत असतो. स्वॉर्थमोरच्या प्राध्यापकांना दर वर्षी आपल्या क्षेत्रातील जाणकारांसमोर अशा रीतीने उभे राहावे लागे. ही गोष्ट सर्वांना सुखाची वाटली असेल असे समजण्याचे कारण नाही.

व्याख्यानाची सवय मोडणे हेही सोपे नव्हते. सेमिनारमध्ये प्राध्यापकाने बोलावे किती आणि गप्प राहावे किती, हा नाजूक प्रश्न असे. फार बोलला तर त्याचे व्याख्यान होई, मुळीच न बोलला तर चर्चा भरकटे. सुरुवातीच्या काळात काही सेमिनार दोन प्राध्यापक मिळून घेत. त्यामुळे विद्यार्थ्यांसमोरच दोन जाणत्या माणसांचा मतभेद उलगडे आणि एकच बरोबर उत्तर असते ही शाळकरी समजूत आपोआप गळून पडे. ऑक्सफर्डची एकास एक शिकवणी एडेलॉट यांनी जशीच्या तशी उचलली नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ती अतिशय खर्चिक ठरली असती. लहान गटाची बैठक ही त्यांनी काढलेली अमेरिकन तडजोड होती आणि काही बाबतींत ती मूळ पद्धतीपेक्षा सरस ठरली, कारण तीत विद्यार्थी एकमेकांनाही शिकवत.

तरीही खर्च वाढलाच. सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक पूर्ण संध्याकाळ अडकला, तर बाकीचे वर्ग कोणी घ्यायचे, हा हिशेब प्रत्येक विभागाला करावा लागे. जनरल एज्युकेशन बोर्ड या रॉकफेलर घराण्याच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेने मोठे अनुदान दिले, म्हणून प्राध्यापकांची संख्या वाढवता आली. या मदतीमागे शिक्षणसुधारक अब्राहम फ्लेक्सनर यांचा पुढाकार होता. या काळात अनेक नामवंत अध्यापक स्वॉर्थमोरला आले. तत्त्वज्ञ ब्रँड ब्लॅन्शर्ड १९२५ मध्ये रुजू झाले आणि दोन दशके राहिले. गेस्टाल्ट मानसशास्त्राचे एक संस्थापक वोल्फगांग क्योलर नाझी राजवटीला विरोध करून जर्मनी सोडल्यावर १९३५ मध्ये येथेच आले. राज्यशास्त्राचे रॉबर्ट ब्रुक्स, अर्थशास्त्राचे क्लेअर विल्कॉक्स आणि इंग्रजीचे हॅरल्ड गॉडर्ड यांसारख्या प्राध्यापकांनी प्रत्यक्ष सेमिनार चालवून ही पद्धत रुळवली. अध्यक्षाने योजना जाहीर केली, पण दर आठवड्याला ती उभी करण्याचे काम यांचे होते.

विद्यार्थी मिळवण्यासाठी एडेलॉट यांनी ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या धर्तीवर 'ओपन स्कॉलरशिप' सुरू केल्या व देशभरातून अर्ज मागवले. कॉलेज मोठे करायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. वाढ झाली ती अर्जदारांच्या संख्येत आणि निवडीच्या कठोरपणात. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचे प्रस्थ त्यांनी कमी केले. स्वतः खेळाडू असल्यामुळे त्यांना खेळ नको होता असे नाही. पाहणाऱ्यांपेक्षा खेळणारे जास्त असावेत, हा त्यांचा आग्रह होता. काही माजी विद्यार्थ्यांची त्यावर नाराजी होती.

मर्यादा आणि टीका

या योजनेवर दोन बाजूंनी टीका झाली. एकीकडे, विद्यार्थ्यांची ऑनर्स आणि बिगर-ऑनर्स अशी विभागणी लोकशाही देशाला शोभत नाही, असे म्हटले गेले. सर्वांना समान संधी देणे आणि सर्वांना एकच शिक्षण देणे या भिन्न गोष्टी आहेत, असे एडेलॉट यांचे म्हणणे होते. दुसरीकडे, ज्यांना ऑनर्समध्ये घेतले नाही त्यांच्या वाट्याला प्राध्यापकांचे उरलेसुरले लक्ष येते, ही तक्रार होती. तिला तितकेसे समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही. विज्ञानशाखांत प्रयोगशाळेचे काम सेमिनारच्या चौकटीत बसवणे साहित्य किंवा तत्त्वज्ञानाइतके सहज नव्हते.

समान संधीच्या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. ऱ्होड्स शिष्यवृत्ती स्त्रियांना १९७० च्या दशकात खुली झाली. स्वॉर्थमोरमध्ये मात्र ऑक्सफर्डच्या पद्धतीचा लाभ मुलींना आरंभापासून मिळाला. याउलट, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एडेलॉट यांच्या संपूर्ण कारकिर्दीत हे कॉलेज खुले नव्हते. ते दार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, त्यांच्यानंतर उघडले. बुद्धिमत्तेला वाट करून देण्याच्या त्यांच्या कार्यक्रमातील ही मोठी उणीव होती.

ऱ्होड्स शिष्यवृत्ती व गुगेनहाइम प्रतिष्ठान

१९१८ पासून सुमारे साडेतीन दशके एडेलॉट ऱ्होड्स विश्वस्त मंडळाचे अमेरिकेतील सचिव होते. निवड समित्यांत विद्यापीठांच्या अध्यक्षांऐवजी माजी शिष्यवृत्तीधारक घेण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. १९३० च्या सुमारास त्यांनी जिल्हापद्धती आणली. त्या वेळच्या ४८ राज्यांचे प्रत्येकी सहा राज्यांचे आठ गट करण्यात आले आणि प्रत्येक गटातून चार, असे एकूण ३२ विद्यार्थी दर वर्षी निवडले जाऊ लागले. एखाद्या राज्यात योग्य उमेदवार नसतानाही जागा भरावी लागण्याची अडचण त्यामुळे दूर झाली. सिनेटर सायमन गुगेनहाइम यांनी १९२५ साली आपल्या मुलाच्या स्मरणार्थ प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या अभ्यासवृत्तींची रूपरेषा ठरवण्यातही एडेलॉट यांचा मोठा वाटा होता.

प्रिन्स्टन

फ्लेक्सनर यांनी १९३० मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संस्थेचे एडेलॉट आरंभापासून विश्वस्त होते. नेमणुकांच्या बाबतीत आपल्याला विचारले जात नाही, यावरून तेथील प्राध्यापक आणि फ्लेक्सनर यांच्यात वाद झाला. १९३९ मध्ये फ्लेक्सनर यांनी पद सोडले व एडेलॉट संचालक झाले. युद्धकाळात संस्था चालू ठेवणे आणि युरोपातून येणाऱ्या विद्वानांना आश्रय देणे ही त्यांची मुख्य कामे ठरली. गणितज्ञ कुर्ट ग्योडेल यांना अमेरिकेत येता यावे म्हणून त्यांनी जर्मन दूतावासाशी पत्रव्यवहार केला. ग्योडेल १९४० मध्ये प्रिन्स्टनला पोहोचले. राष्ट्रसंघाचा अर्थविषयक विभागही त्याच वर्षी जिनिव्हाहून प्रिन्स्टनला हलवण्यात आला. युद्ध संपताच जॉन फॉन नॉयमन यांनी संस्थेत संगणक बांधण्याचा प्रस्ताव मांडला. शुद्ध सिद्धान्तासाठी असलेल्या संस्थेत यंत्रे आणि अभियंते आणणे काही सहकाऱ्यांना रुचले नाही, परंतु एडेलॉट यांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला. १९४७ मध्ये ते निवृत्त झाले व रॉबर्ट ओपनहायमर त्यांच्या जागी आले.

१९४६ साली पॅलेस्टाइनच्या प्रश्नासाठी नेमलेल्या बारा सदस्यांच्या अँग्लो-अमेरिकन चौकशी समितीवर सहा अमेरिकन होते. त्यांत एडेलॉट यांचा समावेश होता. एक लाख ज्यू निर्वासितांना पॅलेस्टाइनमध्ये प्रवेश द्यावा, अशी शिफारस या समितीने केली.

लेखन आणि नंतरचा प्रभाव

अमेरिकेतील ऑनर्स अभ्यासक्रमांची पाहणी करणारा त्यांचा अहवाल नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला इतकी मागणी आली की पुढच्याच वर्षी सुधारित आवृत्ती काढावी लागली. वीस वर्षांनंतर, १९४४ मध्ये, 'ब्रेकिंग द ॲकॅडेमिक लॉक स्टेप' हे त्यांचे प्रमुख पुस्तक आले. लहान खासगी महाविद्यालयाची पद्धत हजारो विद्यार्थी असलेल्या सरकारी विद्यापीठात चालेल का, हा त्यातील महत्त्वाचा प्रश्न आहे. एडेलॉट यांना ते शक्य वाटत होते.

त्यांच्या मृत्यूनंतर लगेचच, १९५७ साली, कोलोरॅडो विद्यापीठातील जोसेफ कोहेन यांच्या पुढाकाराने या प्रश्नावर विद्यापीठांची एक समिती स्थापन झाली. ती १९६५ पर्यंत चालली व १९६६ मध्ये नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल ही संघटना तिची वारस ठरली. मोठ्या विद्यापीठांतील ऑनर्स कार्यक्रमांना बहुधा स्वतःचे पूर्णवेळ प्राध्यापक नसतात. ते निरनिराळ्या विभागांतून काही काळापुरते मागून घेतले जातात. लहान वर्ग, चर्चा आणि स्वतंत्र वाचन या गोष्टी या कार्यक्रमांनी घेतल्या. बाहेरच्या परीक्षकाची प्रथा मात्र फारच थोड्यांनी स्वीकारली. तेथे आजही सहसा शिकवणाराच गुण देतो. स्वॉर्थमोरमध्ये अनेक फेरबदलांनंतरही बाहेरून परीक्षक बोलावण्याची रीत टिकून आहे. भारतीय विद्यापीठांतील बी.ए. (ऑनर्स) किंवा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सुरू झालेली चार वर्षांची ऑनर्स पदवी हा पदवीचा प्रकार आहे. त्याची या अमेरिकन कार्यक्रमांशी गल्लत करू नये.

एडेलॉट यांचे निधन १९५६ मध्ये प्रिन्स्टन येथे झाले. त्यांचे पुत्र विल्यम ऑसगुड एडेलॉट इतिहासाचे प्राध्यापक होते आणि इतिहासाच्या अभ्यासात संख्याशास्त्रीय पद्धती वापरणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. एडेलॉट यांचे चरित्र फ्रान्सेस ब्लॅन्शर्ड यांनी लिहिले. ते १९७० साली प्रकाशित झाले. त्या स्वॉर्थमोरमध्ये विद्यार्थिनींच्या डीन होत्या आणि त्यांचे पती ब्रँड ब्लॅन्शर्ड तेथे तत्त्वज्ञानाचे सेमिनार घेत असत.